हर्षदाताईला सापडायचं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी हर्षदा ठाकूर हे नाव सांगतो. आई-आप्पांचं नाव पहिलं यायला हवं हे मला कळतं. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मला कॉलेजात पाठवलं. पण तिथे शिकलेल्याचं पुढे करायचं काय, हे मला हर्षदाताईनं दाखवलं. आणि तिचा जेवढा हेवा मी केला तेवढा दुसऱ्या कुणाचा केला नाही. अजून करतो. हे दोन्ही सांगितल्याशिवाय तिच्याबद्दल मला काही खरं लिहिता येणार नाही.

मी कासूचा. आप्पांची उमर मिठागरात गेली. घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. फिजिओथेरपीची पदवी घेऊन आलो तेव्हा आळीत पेढे वाटले, पण मी नक्की कशाचा डॉक्टर झालो हे कुणाला सांगता येईना. शेवटी ‘कसरतीचा डॉक्टर’ यावर सगळ्यांचं एकमत झालं. पेणच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. हर्षदाताई तिथे माझ्या आधीपासून होती. ती निडीची. वडील धाटावला कंपनीत शिफ्टला जात, आई भातशेती बघायची. रोह्याहून येणाऱ्या गाडीत ती निडीला चढायची, मी कासूला. गाडी बहुधा मोकळीच असायची, तरी तिनं शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून माझी जागा धरलेली असायची.

ती पुण्याची असती तर मला त्रास झाला नसता. इंग्रजी शाळा, घरात पुस्तकं, बाप डॉक्टर, असं काहीतरी कारण मी स्वतःला दिलं असतं आणि गप्प बसलो असतो. पण ती माझ्यासारखीच मराठी शाळेतून आलेली, इंग्रजी वाक्य आधी मनात मराठीत जुळवून मग बोलणारी. द्यायला कारणच नव्हतं.

हेवा कशाचा, ते सांगितलं तर हसाल. तिला शोधता यायचं.

आमच्या धंद्यात कुठला व्यायाम, कुठला शेक खरंच उपयोगी पडतो याच्या चाचण्या जगभर चालू असतात. त्यांच्या नोंदी इंटरनेटवरच्या डेटाबेसमध्ये साठवलेल्या असतात. काही डेटाबेस सगळ्या वैद्यकाचे, तर एक फक्त फिजिओथेरपीचा. तो मोफत आहे आणि प्रत्येक चाचणी किती काटेकोरपणे केली यावर तिला दहापैकी गुण देतो. कॉलेजात आम्ही हे डेटाबेस परीक्षेपुरते उघडायचो. वर दिसतील ते चार-पाच संदर्भ प्रकल्पाच्या शेवटी डकवायचे, की झालं. समोर बसलेल्या पेशंटसाठी त्यात शोधायचं असतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

हर्षदाताई मात्र रोज दुपारी डबा उघडायची आणि कॉम्प्युटरही उघडायची. अंगानं बुटकी, खांद्यांनी रुंद, ओढणी कमरेला खोचलेली, आवाज एक्स-रेच्या खोलीपर्यंत जाणारा. एका हातानं भाकरी-वालाचं बिरडं, दुसऱ्या हातानं टायपिंग. आमच्या कीबोर्डमध्ये पोह्याच्या पापडाचा चुरा कायम असायचा. आणि शोधताना ती डेटाबेसशी बोलायची, शेजारच्या घरातल्या बाईशी बोलावं तशी.

“काय गो, लपवतेस काय? कालच दाखवलंस ना मला? दे सरळ.”

आणि ती बाई द्यायची. मी तेच शब्द टाकून तासभर बसलो तरी मला द्यायची नाही.

नोकरीला लागल्यावर थोड्याच दिवसांत एका मावशींच्या पाठदुखीसाठी मी शोधायला बसलो. पाठ आणि व्यायाम, एवढे दोन शब्द इंग्रजीत टाकले. पडदाभर यादी आली. तिच्यातला एक लेख उघडून मी मन लावून वाचायला लागलो. हर्षदाताई मागे येऊन उभी राहिली.

“निलेश, हे कुणाबद्दल हाय ते वाचलंस?”

“पाठदुखीबद्दल.”

“व्हय, पण कुणाच्या पाठीबद्दल?”

मी पुन्हा वर जाऊन बघितलं. शर्यतीच्या घोड्यांबद्दल होतं.

ती इतकी हसली की मेणाच्या शेकाला बसलेल्या काकांनी दचकून हात बाहेर काढला. “मावशी, उठा! हा तुम्हाला रेसला पळवणार हाय!” मावशीही हसल्या. मी एकटाच हसलो नाही.

मग तिनं खुर्ची ओढली. “तुमच्या कासूत जाऊन नुसती ‘पाटील’ म्हणून हाक मारली तर काय होईल?”

“निम्मा गाव वळून बघेल.”

“आणि ‘बाळकृष्ण गोविंद’ अशी मारली तर?”

“कुणीच नाय बघणार. त्याला सगळे बाळ्या म्हणतात.”

“झालं. एवढंच हाय.”

एवढंच होतं, पण मला कॉलेजात कुणी असं सांगितलं नव्हतं. दुखण्याला घरचं नाव वेगळं, शाळेतलं वेगळं, सरकारी कागदावरचं वेगळं. ती सगळी नावं ‘ऑर’ लावून एकत्र हाकारायची. मग कुठला बाळ्या हे सांगण्यासाठी ‘अँड’ लावत जायचं: कासूचा, रिक्षावाला, पाय मोडलेला. त्याहीआधी ती डाव्या हाताच्या बोटांवर चार गोष्टी मोजायची. माणूस कोण? उपाय कुठला? तो नाही केला तर दुसरं काय? आणि शेवटी, त्या माणसाला काय जमायला पाहिजे? चौथं बोट ती पेशंटसमोर धरायची आणि त्याच्याकडून उत्तर मिळेपर्यंत खाली घ्यायची नाही. “दुखतंय ते कळलं. दुखायचं थांबलं की करणार काय तुम्ही?” लोक गोंधळायचे. हे त्यांना डॉक्टरनं कधी विचारलेलं नसायचं.

बऱ्याच लेखांचा नुसता सारांश मोफत दिसतो, आतला मजकूर विकत घ्यावा लागतो. हर्षदाताई सरळ लेखकालाच ईमेल करायची. मीही करायला लागलो. माझ्या ईमेलची सुरुवात आदरणीय महोदयांपासून व्हायची. मग माझी पदवी, हॉस्पिटलचा पत्ता, विषयाचं महत्त्व, तसदीबद्दल क्षमा. शाळेत अर्ज लिहायला शिकवला होता तसा पानभर अर्ज. उत्तर यायचं नाही. तिच्या ईमेलमध्ये तीनच वाक्यं असायची: मी अमुक, माझ्याकडे असा पेशंट आहे, तुमचा लेख पाठवाल का? परदेशातल्या प्राध्यापकांचे लेख दुसऱ्या दिवशी हजर. एकानं तर ‘पेशंटचं काय झालं ते जरूर कळवा’ असं लिहिलं. ते तिनं मला कौतुकानं दाखवलं. मी चांगलं आहे म्हणालो आणि उगाच गादीची चादर बदलायला गेलो.

तिचं हसं झालेलं मी एकदाच पाहिलं. गडब गावच्या एका आजीनं विचारलं, आमच्याकडची बाई पोट चोळून नाभी जागेवर बसवते ते खरं की खोटं? हर्षदाताईनं दुपारभर शोधलं. मग आजीला सांगितलं, “कुणी नीट तपासलेलंच नाय गो आजी. म्हंजे खरं हाय असं पण म्हणता येत नाय, नि खोटं असं पण नाय.”

“मग एवढी शिकलीस कशाला गो?” आजी म्हणाल्या.

मला मनातून फार बरं वाटलं. पण हर्षदाताई माझ्यापेक्षा मोठ्यानं हसली आणि ती मजाही गेली.

मग आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन अंगणात फिरायला लागले. हात मात्र तसाच राहिला. घरातला एकुलता शिकलेला मुलगा नेमका याच कामाचा, त्यामुळे सगळी आळी माझ्याकडे बघत होती. मी पडवीच्या वाशाला चक्री बांधली. दोरीचं एक टोक चांगल्या हातात, दुसरं लुळ्या हातात. चांगला हात खाली ओढायचा की लुळा वर जातो. मी शिकत होतो तिथे अशी चक्री भिंतीला असायचीच. येणारे-जाणारे थांबून बघायचे. “पोरानं बापासाठी मशीन बसवलंय,” असं म्हणायचे.

एका रविवारी हर्षदाताई घरी आली. मी तिला बोलावलं नव्हतं. आईनं फोन केला होता, तोही मला न सांगता. तिनं चक्री पाहिली, आप्पांचा खांदा हळूच दाबून पाहिला, चहा घेतला. चक्रीबद्दल शब्द काढला नाही. मग आप्पांच्या समोर पाटावर बसली आणि चौथं बोट वर धरलं.

“आप्पा, काय जमायला पायजे तुम्हाला?”

हे मी त्यांना विचारलं नव्हतं. बाप काय म्हणणार हे मला ठाऊकच आहे, असं मी धरून चाललो होतो.

आप्पांनी डाव्या हातानं उजवा उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “पंगतीत उजव्या हातानं जेवायचंय.”

माझ्या चुलतबहिणीचं, शीतलचं लग्न ठरलं होतं. काका नाहीत. व्याह्यांच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसायचं ते आप्पांनीच. आणि चार माणसांत डाव्या हातानं जेवण्यापेक्षा ते लग्नालाच जाणार नव्हते. हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. त्या बाईला मात्र पहिल्या भेटीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. “तूच शोध. मी हात लावत नाय.”

मी लिहिलं: झटका आलेले रुग्ण, खांदा, चक्री, फायदा.

“‘फायदा’ कशाला लिहिलंस?”

“फायदा होतो का ते बघायचंय ना?”

“अरे, फायदा झाला त्यांनाच आवतण धाडलंस तर बाकीचे येतील कशाला?”

मी तो शब्द खोडला. मग जे आलं ते मी वाचलं, दोनदा वाचलं. अशा चक्रीनं लुळा खांदा बरा होण्याऐवजी जास्त दुखायला लागतो, असं त्यात होतं. हर्षदाताई म्हणाली, “चाचणी लहान हाय, शपथ घ्यायला जाऊ नको. पण उलटं सांगणारं काय मिळत नाय. सोडून ठेव.” बस्स. ‘मी आधीच ओळखलं होतं,’ असं तिनं एकदा तरी म्हणायला हवं होतं. मला तिच्यावर रागावता तरी आलं असतं.

संध्याकाळी मी चक्री सोडायला स्टुलावर चढलो. आप्पा खाटेवरून बघत होते.

“ती बोलली काय?”

“व्हय.”

“बरं झालं. बांधलीस तवापासून खांदा ठणकत व्हता.”

“मग बोललात का नाय मला?”

“तू एवढा शिकलेला. तुला काय सांगायचं?”

मी दोरी गुंडाळत राहिलो. माझ्या पदवीचा मान राखायला आप्पा रोज दुखणं सोसत होते, आणि खरं दुखणं कुठं आहे ते त्यांनी एका परक्या मुलीला सांगितलं होतं. त्या घटकेला मला आप्पांची कीव आधी यायला हवी होती. आला तो हर्षदाताईचा हेवा.

त्यापुढचं तिनं शोधलं. मनगट थोडंसं उचलता येत असेल, बोटं थोडी उघडत असतील, तर चांगला हात दिवसातले काही तास बांधून ठेवायचा आणि लुळ्या हाताकडूनच कामं करून घ्यायची. या उपायाच्या चाचण्यांना डेटाबेसनं चांगले गुण दिले होते. आप्पांचं मनगट उचलत होतं, बोटं जेमतेम उघडत होती. ती म्हणाली, चालेल. पण त्या चाचण्यांतली माणसं काटा-चमच्यानं खाणारी होती. वरण-भात कालवून घास करण्याचा व्यायाम कुणी लिहिलेला नव्हता. तो तिनं स्वतः रचला. पहिल्यांदा गणपतीच्या कारखान्यातून आणलेला शाडूचा गोळा मळायचा. मग वालाचे दाणे एका वाटीतून दुसरीत. मग भाकरी मोडायची. भात सगळ्यात शेवटी, कारण तो बोटांतून निसटतो आणि माणूस चिडतो.

आईनं जुन्या चादरीची पिशवी शिवली, आप्पांच्या डाव्या हातात घालायला. मी ती बांधायला गेलो की आप्पा शिव्या द्यायचे. “बैलाला मुसकी बांधतोस तशी बांधतोस!” हर्षदाताई आली की स्वतःहून हात पुढे करायचे. मी आईला विचारलं, असं का? आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “तू सांगतोस ते शाळेत धडा घेतल्यावानी सांगतोस. ती सांगते ते जेवायला वाढल्यावानी.”

तरी रोजची मेहनत मीच करून घेत होतो, सकाळी गाडीच्या आधी आणि संध्याकाळी गाडीनंतर. ती रविवारची यायची. हे मी तेव्हा मनात सारखं म्हणायचो. इथेही लिहून ठेवतो.

लग्नाच्या दिवशी आप्पा व्याह्यांच्या शेजारी बसले. पान वाढलं गेलं. पिशवी नव्हती, डावा हात मोकळा होता, तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला. पहिला घास ओठापर्यंत जाताना निम्मा सांडला. व्याही भले माणूस. त्यांनी मान वळवून कुणाशी तरी गप्पा सुरू केल्या आणि स्वतःचं जेवणही सावकाश केलं. दुसरा घास कमी सांडला. मी वाढप्यांत होतो, हातात आमटीची बादली. आप्पांच्या पुढून जाताना माझे पाय थांबले. ते घाम पुसत नव्हते, बोलत नव्हते, नुसते जेवत होते. पंगत उठायची वेळ झाली तरी कुणी उठलं नाही. व्याही बसले होते म्हणून सगळे बसले. आप्पांनी शेवटचा भात संपवला आणि मांडवभर ऐकू जाईल असा आवाज दिला, “ओ डॉक्टरीणबाय! मठ्ठा आणा!”

हर्षदाताई बायकांतून उठून आली, कपाळभर हळदीकुंकू.

“ही माझी डॉक्टर,” आप्पांनी व्याह्यांना सांगितलं.

“आणि हे?” व्याह्यांनी माझ्याकडे बोट केलं.

“हा माझा पोरगा. हा पण तितंच असतो.”

सगळे हसले. हर्षदाताई म्हणाली, “अवो, रोजची मेहनत त्याचीच हाय.” आप्पांनी मान हलवली. आमटीची बादली रिकामी झाली म्हणून मी आत गेलो.

पुढच्या वर्षी पुण्याच्या एका कॉलेजात जागा निघाली. एकेका उपायावरच्या जगातल्या सगळ्या चाचण्या शोधायच्या, चाळायच्या आणि मिळून काय निघतं ते लिहायचं, असं काम. जाहिरात हर्षदाताईनंच मला दाखवली. “दोघं भरू,” म्हणाली. दोघांनी अर्ज भरला, दोघांना बोलावणं आलं, एकाच खोलीत बसवून एकच प्रश्न दिला. मी भरपूर लेख काढले. तिनं थोडेच काढले, पण प्रश्नाला नेमके लागू पडणारे. निवड तिची झाली. परत येताना ती म्हणाली, “पुढच्या खेपेला जागा निघाली की कळवते तुला.” मनापासून म्हणाली. म्हणूनच ते जास्त झोंबलं.

तिला सोडायला मी रोह्याच्या एस.टी. स्टँडवर गेलो. तिचे वडील रात्रपाळी करून तसेच आले होते, बाकावर बसल्या बसल्या पेंगत होते. पुण्याची गाडी लागली. तेवढ्यात तिचा एक जुना पेशंट, भाजीवाला, हातगाडी सोडून धावत आला आणि गुडघा अजून कटकट वाजतो म्हणाला. ती तिथेच उकिडवी बसली, त्याचा गुडघा दोन्ही हातांत धरला आणि त्याला उठबस करायला लावली. कंडक्टरनं घंटी मारली. “थांबा हो, एक मिनिट!” ती खालूनच ओरडली. गाडी थांबली. वडिलांना जाग आली. मी तिची बॅग वर ठेवली आणि खाली उतरलो, तेव्हा ती भाजीवाल्याला सांगत होती, “वाजू दे वाजलं तर. दुखत नाय ना?” मग धावत चढली. खिडकीतून हात बाहेर आला तो आमच्या तिघांसाठी होता, पण बघत होती ती भाजीवाल्याच्या चालण्याकडे.

गेल्या महिन्यात मी तिला मोबाईलवर मेसेज लिहायला घेतला. तो लांबत गेला, म्हणून कागद घेतला. पाठवलं ते असं:

प्रिय हर्षदाताई,

तू बरी असशील. इथे डिपार्टमेंट माझ्याकडे आहे. नवीन मुलगी आली आहे, हुशार आहे. दुपारी कॉम्प्युटरसमोर मी बसतो. एका खलाशाच्या कोपरासाठी परवा शोधलं. तिसऱ्या खेपेला सापडलं. तुला सांगायला फोन उचलला आणि ठेवला. तुला पहिल्या खेपेला सापडलं असतं, हे मला ऐकायचं नव्हतं.

तुझे उपकार मी मानतो. तोंडावर कधी बोललो नाही, कारण बोलायला गेलो की दुसरंच काहीतरी मनात यायचं. तू इथून गेलीस तेव्हा मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. आता नुसतं वाईट वाटतं.

आप्पा चांगले आहेत. लग्नाचं एकही आमंत्रण सोडत नाहीत. हात थंडीत थोडा आखडतो. शर्टाची बटणं मात्र अजून लागत नाहीत, आई लावते, आणि तिनं लावली की चिडतात. मी म्हटलं, मी बघतो. तर म्हणाले, “तू बघ. पण तिला विचार.”

म्हणून विचारतो. मी शोधून ठेवलं आहे. दोन चाचण्या आपल्या आप्पांना लागू पडतील अशा वाटतात. दोन्ही सोबत छापून पाठवल्या आहेत. त्यावरून बटणांचा व्यायाम मी रचला आहे, तो मागच्या पानावर आहे. नीट वाच. चुकलं असेल तर मला फोन कर, आप्पांना नको. बरोबर असेल तर आप्पांना फोन कर, आणि हे निलेशनं शोधलं असं त्यांना सांग. मी सांगून उपयोग नाही. तू सांगितलंस तर त्यांना पटेल.

तुझा,
निलेश